एकच इयत्ता, निराळी शरीरे
(किशोरवयीनांची शारीरिक परिपक्वता आणि मध्यंतर प्रशिक्षण या विषयावरील व्याख्यान)



स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांपुढे शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यापकाला उभे केले, की तो आहार, निद्रा आणि व्यायाम यांवर चार हिताच्या गोष्टी सांगेल, अशी अपेक्षा असते. आज मात्र मी आपणांस एका प्रश्नाकडे नेणार आहे. तो वरवर पाहता क्रीडाशास्त्राचा आहे, पण त्याच्या आत सार्वजनिक धोरणाचा प्रश्न दडलेला आहे. एकाच वर्गातील, एकाच वयाच्या मुलांना एकसारखा व्यायाम दिला, तर त्यांची तंदुरुस्ती एकसारखी वाढते का? आणि वाढत नसेल, तर वयाच्या तक्त्यावरून त्यांना गुण देण्याचा आपला अधिकार कितपत खरा?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका निवासी क्रीडाशाळेसाठी मुलांची निवड चालली होती आणि समितीवर मलाही घेतले होते. शेवटची एक जागा उरली. दोघे उमेदवार तेरा वर्षांचे, जन्मतारखांत जेमतेम तीन आठवड्यांचे अंतर. एकाला मिसरूड फुटलेली, आवाज फुटलेला, खांदे भरलेले. दुसरा त्याच्या खांद्याला लागेल एवढा. सहाशे मीटर धावण्यात पहिला बराच पुढे राहिला आणि आम्ही त्याला घेतले. निर्णय एकमताने झाला, त्यात माझेही मत होते. तीन वर्षांनंतर मी पुन्हा त्या शाळेत गेलो, तेव्हा त्या मुलाची उंची जवळपास तेवढीच होती आणि वर्गातील बरेचजण त्याच्या पुढे धावत होते. परत पाठवलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही. त्या दिवशी आम्ही गुणवत्ता मोजली की केवळ यौवनारंभाची तारीख, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेलेला नाही.

जन्मतारखेचे वय आणि शरीराचे वय

यौवनारंभाचा आदेश मेंदूतील अधश्चेतकाकडून निघतो, तेथून पीयूषिका ग्रंथीमार्फत जननग्रंथींकडे जातो आणि संप्रेरकांचे प्रमाण वाढू लागते. या काळात उंची एका विशिष्ट टप्प्यावर सर्वांत वेगाने वाढते. त्या टप्प्याला उंचीवाढीचा कमाल वेग म्हणतात. मुलींमध्ये तो सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास. या वर्षात मुलाची उंची नऊ-दहा सेंटिमीटरनेही वाढू शकते. ‘सरासरीने’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक बालकाचे घड्याळ निराळे चालते. सातवी-आठवीच्या एकाच वर्गात जैविक वयात चार-पाच वर्षांचे अंतर असलेली मुले शेजारी शेजारी बसलेली असतात आणि ती सर्व निरोगी असतात.

ही परिपक्वता मोजण्याच्या पद्धती परीक्षेच्या दृष्टीनेही लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी बाह्य शारीरिक लक्षणांवरून यौवनाच्या पाच अवस्था निश्चित केल्या. दुसरी पद्धत हाडांचे वय पाहण्याची : डाव्या हाताच्या पंजाचे व मनगटाचे क्ष-किरण चित्र घेऊन हाडे कितपत जुळत आली आहेत ते पाहायचे. टॅनर आणि व्हाइटहाउस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीची तिसरी आवृत्ती २००१ मध्ये आली. तिसरी पद्धत सर्वांत स्वस्त आहे. कॅनडातील मिरवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक समीकरण मांडले. त्यात मुलाचे वय, वजन, उभ्याची उंची आणि बसल्याची उंची घातली, की उंचीवाढीच्या कमाल वेगापासून तो किती वर्षे अलीकडे वा पलीकडे आहे याचा अंदाज मिळतो. यामागचे तत्त्व साधे आहे. पाय आधी वाढतात, धड मागाहून वाढते. म्हणून पाय आणि धड यांचे प्रमाण शरीराचे घड्याळ सांगते. मात्र हे समीकरण कॅनडा व बेल्जियममधील मुलांच्या मोजमापांवर बेतलेले आहे, त्यात सुमारे एक वर्षाची चूक गृहीत धरावी लागते. भारतीय बालकांच्या शरीराचे प्रमाण निराळे असल्याने ते डोळे मिटून वापरणे शहाणपणाचे नाही.

थांबत थांबत धावणे

ज्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात, त्याला मी येथे मध्यंतर प्रशिक्षण म्हणेन. तीव्र श्रम, मग थोडी विश्रांती, पुन्हा तीव्र श्रम, असा त्याचा क्रम असतो. १९३० च्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध केली. धावपटूच्या नाडीचे ठोके मिनिटाला १८० पर्यंत न्यायचे, ते १२० पर्यंत खाली आले की पुन्हा धावायचे. गेर्शलर यांचे शिष्य रुडॉल्फ हार्बिग यांनी १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले आणि तो विक्रम सोळा वर्षे टिकला. पुढे एमिल झाटोपेक यांनी चारशे मीटरच्या असंख्य फेऱ्या मारून स्वतःला घडवले आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. १९९६ मध्ये जपानच्या इझुमी तबाता यांच्या गटाने वीस सेकंद श्रम आणि दहा सेकंद विश्रांती असा क्रम तरुणांना सहा आठवडे दिला. त्यांची प्राणवायू ग्रहणक्षमता तर वाढलीच, शिवाय प्राणवायूविना श्रम करण्याची क्षमताही २८ टक्क्यांनी वाढली. अवघ्या चार मिनिटांचा व्यायाम! तेव्हापासून जगभरच्या शाळांना या पद्धतीचे आकर्षण वाटू लागले. शारीरिक शिक्षणाचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, त्यातही मुले रांगेत उभी राहीपर्यंत दहा मिनिटे जातात. अशा वेळी थोडक्या वेळात फळ देणारी पद्धत कोणाला नको असेल?

पण तबातांचे प्रयोग प्रौढ तरुणांवर झाले होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. तेरा वर्षांच्या मुलाचे शरीर म्हणजे प्रौढ शरीराची छोटी प्रत नव्हे.

खरे पाहता, थांबत थांबत धावणे बालकांना शिकवावे लागतच नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी निरीक्षणात सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे खेळणे सेकंदागणिक टिपले गेले. त्यांच्या जोरदार हालचालींपैकी ९५ टक्के हालचाली पंधरा सेकंदांहून कमी काळ टिकत होत्या. आपल्याकडील लगोरी, सूरपारंब्या आणि खो-खो आठवा. कबड्डीतील चढाई तीस सेकंदांची, नंतर दुसऱ्या बाजूची पाळी. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले, तेव्हा फ्रायबुर्गचे प्रयोग व्हायचे होते! अर्थात, यावरून आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढू नये. मुलांचे शरीर त्याच रीतीने चालते, म्हणून खेळही तसे घडले, एवढेच.

कळ की उतार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिक्टर कॅच यांनी एक परिकल्पना मांडली. यौवनारंभापूर्वी संप्रेरकांचे पाठबळ नसल्याने प्रशिक्षणाचा परिणाम फारच थोडा होतो, यौवनारंभ ही जणू एक कळ आहे, ती दाबली गेली की शरीर प्रशिक्षणाला प्रतिसाद देऊ लागते, असे तिचे स्वरूप होते. त्याआधी १९७८ मध्ये जपानी मुलांच्या दीर्घकालीन पाहणीतही उंचीवाढीच्या कमाल वेगापूर्वी सुमारे एक वर्षापासूनच प्रशिक्षणाचा स्पष्ट लाभ दिसला होता. परिकल्पना सुटसुटीत होती, म्हणून ती लोकप्रिय झाली. ‘लहान मुलांना धावायला लावून उपयोग नाही’ असे म्हणणारे क्रीडाशिक्षक मी स्वतः ऐकले आहेत.

पुढील संशोधनाने ती जशीच्या तशी टिकू दिली नाही. फ्रान्समध्ये बाके आणि सहकाऱ्यांनी आठ ते अकरा वर्षांच्या, म्हणजे यौवनारंभापूर्वीच्या बालकांना सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे मध्यंतर प्रशिक्षण दिले. धावणे अगदी थोड्या सेकंदांचे पण वेगाचे, आणि मध्ये तेवढीच छोटी विश्रांती. बालकांची कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता सुमारे आठ टक्क्यांनी वाढली. २००३ मध्ये त्यांनीच बालके व किशोरवयीनांवरील अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात सरासरी वाढ पाच ते सहा टक्के आढळली. प्रौढांच्या तुलनेत ही वाढ माफक आहे, परंतु ती शून्य नाही. कळ दाबली जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, असा याचा अर्थ.

मग परिपक्वतेचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो दुसऱ्या ठिकाणी आहे. त्यासाठी स्नायूंत डोकवावे लागेल. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये बेंग्ट एरिक्सन यांनी अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या स्नायूंचे सूक्ष्म नमुने तपासले. (आज कोणतीही नैतिक समिती अशा प्रयोगाला सहज परवानगी देणार नाही.) प्राणवायूविना साखरेचे विघटन करणाऱ्या प्रक्रियेतील एक कळीचे विकर या मुलांमध्ये प्रौढांपेक्षा पुष्कळ कमी क्रियाशील आढळले. म्हणून बालकांच्या रक्तात तीव्र श्रमानंतर लॅक्टेट कमी साठते, त्यांचे स्नायू प्रामुख्याने प्राणवायूवर चालतात आणि श्रमानंतर ते झटकन सावरतात. २०१८ मध्ये फ्रान्समधील सेबास्टियन रातेल आणि ऑस्ट्रेलियातील अँथनी ब्लेझविच यांच्या गटाने दाखवून दिले, की तीव्र श्रमातील थकवा आणि सावरण्याचा वेग या बाबतीत आठ ते बारा वर्षांची मुले सामान्य प्रौढांपेक्षा मुरलेल्या दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंच्या अधिक जवळ असतात. दिवसभर हुंदडून संध्याकाळी पुन्हा अंगणात पळणारे पोर पाहून थकलेल्या आईबापांना हे सांगायला प्रयोगशाळा नको होती.

यौवनारंभानंतर हे चित्र पालटते. टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांच्या स्नायूंचे वस्तुमान वाढते, हिमोग्लोबिन वाढते, हृदय मोठे होऊन एका ठोक्याला अधिक रक्त बाहेर टाकते. प्राणवायूविना ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणाही आता प्रबळ होते. साहजिकच वेगाच्या आणि जोराच्या मध्यंतर प्रशिक्षणाला शरीर अधिक प्रतिसाद देऊ लागते. वेगवान धावण्याच्या प्रशिक्षणावरील अभ्यासांचे २०१७ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. त्यात उंचीवाढीच्या कमाल वेगापूर्वीच्या मुलांना अत्यल्प आणि त्या काळातील व त्यानंतरच्या मुलांना ठळक लाभ झाल्याचे आढळले. म्हणजे दमश्वासाच्या बाबतीत परिपक्वता ही कळ नव्हे. वेग आणि जोर यांच्या बाबतीत मात्र तिचा एक चढता उतार आहे आणि प्रत्येक मूल त्यावर निराळ्या जागी उभे आहे. माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म एवढेच आहे. एकाच प्रशिक्षणातून धाकट्या शरीराला एक गोष्ट मिळते आणि थोरल्या शरीराला दुसरी. आपण मात्र दोघांनाही एकाच चाचणीने तपासतो आणि पहिल्याला नापास करतो.

व्यवहारात याचा अर्थ असा : यौवनारंभापूर्वीच्या मुलांना दहा-पंधरा सेकंदांचे धावणे, तेवढीच विश्रांती आणि भरपूर पुनरावृत्ती पुरते. ती लवकर सावरतात, म्हणून लांब विश्रांतीची गरज नसते. यौवनारंभानंतरच्या मुलांना दीर्घ आणि अधिक तीव्र श्रम देता येतात, पण विश्रांतीही वाढवावी लागते. उंची सर्वांत वेगाने वाढते ते वर्ष मात्र सांभाळून काढावे. हाडे पुढे जातात, स्नायू व स्नायुबंध मागे राहतात, मुलगा आपल्याच लांब पायांत अडखळतो. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर, जेथे मांडीच्या पुढच्या स्नायूचा बंध हाडाला जोडलेला असतो, तेथे दुखू लागते. कठीण जमिनीवरील उड्या आणि धावण्याचे प्रमाण त्या काळात कमी करावे. ‘दुखणे म्हणजे नाटक’ असे म्हणून मुलाला पळवू नये.

वाढ कोणाच्या खात्यावर?

आकडेवारी वाचणाऱ्याने येथे विशेष सावध राहावे. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाचे नील आर्मस्ट्राँग (चंद्रावर गेलेले नव्हेत, त्यांचे नामबंधू) यांनी अनेक वर्षे बालकांच्या प्राणवायू ग्रहणक्षमतेचा अभ्यास केला. आठ ते सोळा या वयात ही क्षमता मुलांमध्ये सुमारे १५० टक्क्यांनी आणि मुलींमध्ये सुमारे ८० टक्क्यांनी वाढते. कोणतेही प्रशिक्षण न घेता, केवळ मोठे झाल्यामुळे! आता कल्पना करा, एखाद्या शाळेने आठवीच्या मुलांना वर्षभर मध्यंतर प्रशिक्षण दिले आणि वर्षाअखेर सर्वांची वेळ सुधारली. यश कोणाचे? प्रशिक्षणाचे की वाढीचे? प्रशिक्षण न घेतलेला तुलनागट नसेल आणि त्या गटाची परिपक्वताही मोजलेली नसेल, तर या प्रश्नाला उत्तर नाही. योजनांच्या मूल्यमापनाचे अहवाल वाचताना हा प्रश्न मनात ठेवा. तो क्रीडाक्षेत्रापुरता मर्यादित नाही.

मग वजनाने भागून तुलना करावी, म्हणजे प्रतिकिलो प्राणवायू पाहावा, असे कोणी सुचवील. तसे केले तर मुलांचा आकडा आठ ते सोळा वयात जवळपास स्थिर राहतो आणि मुलींचा घसरत जातो. या भागाकारातील दोष टॅनर यांनी १९४९ मध्येच दाखवला होता. तो हलक्या शरीराला फाजील गुण देतो आणि वजनदार शरीराचे गुण कापतो. पाऊणशे वर्षे झाली तरी हा भागाकार सुटलेला नाही, कारण तो करायला सोपा आहे.

मुलींचा आकडा घसरतो याचे एक कारण स्वाभाविक आहे. यौवनात इस्ट्रोजेनमुळे शरीरातील मेदाचे प्रमाण वाढते, त्याने तंदुरुस्ती घटली असे होत नाही. दुसरे कारण सामाजिक आहे. २०१६ च्या आकडेवारीवर आधारलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार, जगातील ११ ते १७ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८१ टक्के पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत, मुलींमध्ये हे प्रमाण ८४.७ टक्के आहे. मासिक पाळी सुरू झाली की मैदान सुटते, हे आपल्या अनेक गावांतले आणि शहरांतलेही वास्तव आहे. तिसरे कारण रक्तात आहे, त्यावर मी थोडा अधिक वेळ घेतो.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. ज्या मुलीच्या १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, तिचे तेवढे रक्त सुमारे १६ मिलिलिटर प्राणवायू वाहील. ९ ग्रॅम असेल, तर १२ मिलिलिटर. प्रत्येक ठोक्यामागे एक चतुर्थांश प्राणवायू कमी! अशा मुलीला तुम्ही कितीही कुशलतेने मध्यंतर प्रशिक्षण द्या, तिची नाडी धावेल, ती नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. वडोदऱ्याच्या शाळांतील ९ ते १४ वर्षांच्या मुलींची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात रक्तक्षय असलेल्या मुली पायऱ्या चढण्याच्या चाचणीत कमी पायऱ्या चढल्या आणि त्यांना सावरायलाही अधिक वेळ लागला. त्याच शहरातील २००० च्या एका अभ्यासात लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या तीन महिने दिल्यावर किशोरवयीन मुलींचे वजन न दिलेल्या मुलींपेक्षा अधिक वाढले. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला आणि २०१८ मध्ये ‘ॲनिमिया मुक्त भारत’ ही मोहीम आली. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती गोळी आरोग्य खात्याची आणि मैदान क्रीडा खात्याचे, अशी आपण फाळणी केली आहे. शरीराला ती ठाऊक नाही.

कुपोषणाचे तसेच आहे. अपुऱ्या आहारावर वाढलेली मुले उशिरा वयात येतात आणि त्यांची वाढ लांबते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील सत्यनारायण आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील किशोरवयीन मुलांची श्रमक्षमता मोजली आणि तिचे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. मुलाची श्रमक्षमता सर्वांत अधिक ठरत होती ती त्याच्या त्या वेळच्या वजनावरून. म्हणजे गरीब घरातील चौदा वर्षांचे मूल आणि खात्यापित्या घरातील चौदा वर्षांचे मूल एकाच रेषेवरून धावू लागते, तेव्हा ती रेषा एक नसतेच. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १० ते १९ वयाची २५ कोटींहून अधिक मुले-मुली होती. त्यांतील किती जणांना आपण अशा रेषेवर उभे केले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हाडांचे वय, पण कशासाठी?

आपल्याकडे हाडांचे वय मोजले जात नाही असे नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील खेळाडूंसाठी टॅनर-व्हाइटहाउस पद्धत वापरते. फुटबॉलचा जागतिक महासंघ २००९ पासून १७ वर्षांखालील स्पर्धांसाठी मनगटाची एमआरआय तपासणी करीत आला आहे. २०१७ मध्ये ही विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा हा विषय आपल्या वृत्तपत्रांतही आला. २०१० मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली. वयचोरी हा गंभीर गुन्हा आहे आणि तो रोखलाच पाहिजे. पण गंमत पाहा, ज्या शास्त्राने मुलांच्या वाढीतील विविधता समजून घ्यायची, त्याला आपण केवळ पहारेकरी करून दारात उभे केले आहे. प्रामाणिक पण लवकर वयात आलेला मुलगा त्या पहाऱ्यात अडकू शकतो. उशिरा वयात येणाऱ्या मुलाला तर त्याच तपासणीतून काहीच मिळत नाही.

इंग्लंडमधील फुटबॉल अकादमींनी २०१५-१६ च्या सुमारास दुसरी वाट चोखाळून पाहिली. मुलाची प्रौढपणीची उंची किती होईल याचा अंदाज बांधायचा आणि त्या उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचलेल्या मुलांना, त्यांचे वय काहीही असो, एका गटात खेळवायचे. लवकर वाढलेल्या मुलांना नुसत्या ताकदीवर भागेना, त्यांना कौशल्य वापरावे लागले. उशिरा वाढणाऱ्यांना प्रथमच पुढाकार घेता आला. ही व्यवस्था जन्मतारखेच्या गटांची जागा घेणार नाही, तिला पूरक म्हणूनच ती उपयोगी आहे.

आपल्याकडे २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू झाली आणि ‘खेलो इंडिया’ अंतर्गत शालेय तंदुरुस्तीची चाचणीही आखली गेली. चौथीपासून पुढे ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव वा चाल, बसून पुढे वाकणे, उठाबशीसारखी पोटाची चाचणी, जोर आणि उंची-वजनाचे गुणोत्तर अशी तिची मांडणी आहे. देशभरच्या मुलांची नोंद ठेवण्याचा हा प्रयत्न मला मोलाचा वाटतो. परंतु तिचे निकष वय आणि लिंग यांवर बेतलेले आहेत. त्या नोंदीत आणखी एक रकाना वाढवावा : बसल्याची उंची. त्यासाठी एक स्टूल आणि एक मोजपट्टी लागते, क्ष-किरण नको. दर सहा महिन्यांनी उंची नोंदवली, तर कोणत्या मुलाची वाढ वेगात आहे हे शिक्षकाला कोणत्याही समीकरणाविना दिसेल. आणि दोन मुलांची परस्परांशी तुलना करण्याऐवजी मुलाची तुलना त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदीशी करता येईल.

आता एक चिठ्ठी माझ्या हाती आली आहे. एक विद्यार्थिनी विचारते : “सर, माझा धाकटा भाऊ साडेसतरा वर्षांचा आहे. सैन्यभरतीसाठी सोळाशे मीटरची तयारी करतो आहे. मित्रांची वेळ सुधारते, त्याची सुधारत नाही. त्याने मध्यंतर प्रशिक्षण वाढवावे का?”

ताई, वाढवण्याआधी तीन गोष्टी पाहा. त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्या, सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस तीव्र प्रशिक्षण पुरे. एरवी हलके धावावे आणि उन्हाच्या वेळी धावू नये. फळ दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, पंधरा दिवसांत वेळ मोजून हताश होऊ नये. आणि तिसरी गोष्ट : तो अजून वाढतो आहे का? साडेसतराव्या वर्षी बहुतेक मुलांची उंचीवाढ संपत आलेली असते, पण सर्वांची नाही. घराच्या दाराच्या चौकटीला त्याला टेकवून उभे करा आणि डोक्याशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा करा. दोन खुणांत अंतर पडले, तर मित्रांशी त्याची तुलना थांबवा आणि प्रशिक्षण आहे तसे चालू ठेवा.